सारंगकाकांच्या अकरा डिस्क

सारंगकाका चष्मा पुसल्याशिवाय कोणाशी बोलत नसत. दारात कोणी हाक मारली की आधी सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या फडक्याची चौकोनी घडी निघे. मग चष्मा नाकावरून उतरे. एक काच, दुसरी काच, पुन्हा पहिली काच, उजेडाकडे धरून तपासणी, आणि मग ‘कोण ता?’ तोवर आलेला माणूस पायरीवर बसून, पाणी पिऊन, आपलं काम काकींना सांगून कधी कधी निघूनही गेलेला असे. गावात कोणी कशाला उशीर लावला की ‘चष्मो पुसतंस काय रे?’ असं विचारायची पद्धतच पडून गेली होती.

त्यांचं खरं नाव मतदारयादीत होतं, तेवढंच. सारंग म्हणजे जहाजाच्या डेकवर काम करणाऱ्या खलाशांचा म्होरक्या. काका साधा खलाशी म्हणून चढले आणि तेहतीस वर्षांनी सारंग म्हणून उतरले. मी त्यांच्याकडे भाडेकरू होते. माझं गाव नांदगाव, हायवेवरचं. समुद्र मी शाळेच्या सहलीत पाहिलेला. देवबागच्या शाळेत शिक्षिकेची पहिली नोकरी लागली आणि काकांच्या घराच्या पडवीच्या टोकाची खोली मला मिळाली. तिथून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, दोन्ही हाकेच्या अंतरावर. पहिले पंधरा दिवस लाटांच्या आवाजाने मला वर्गात शिकवतानाही कोणी तरी मागून बोलवतंय असं वाटत राही.

काका तेव्हा जहाजावरच होते. घरात त्यांचा धाकटा भाऊ दाजी आणि दाजींची बायको, जिला मी काकी म्हणायची. काकांनी लग्न केलं नव्हतं. दाजी एके काळचे नामांकित तांडेल, म्हणजे होडीचे नायक, आणि होडीही स्वतःची. मी राहायला जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. बोलता येत होतं, पण बोलत नसत. माजघरातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाहेर बसवा, माणसांत न्या. काकी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, खुर्ची मांडून ठेवायच्या; ती रिकामीच राही. उभा जन्म ज्याने होडी ढकलली त्याला चार जण उचलून नेताहेत, हे गावाने बघायचं, हे त्यांना सोसवत नव्हतं. समुद्राचा आवाज उशाशी होता, पण तो त्यांनी डोळ्यांनी पाहिल्याला दोन वर्षं होत आली होती.

दोघा भावांमध्ये काय होतं ते मला काकींनी हळूहळू सांगितलं. वडील बुडाले तेव्हा दाजी चौदा वर्षांचे. थोरला जहाजावर गेला, धाकट्याने होडी सांभाळली. दोन बहिणींची लग्नं, आईचं दुखणं, घराची कौलं, सगळं दाजींनी केलं. काका पैसे पाठवायचे, रजेत यायचे, साबण-अत्तरं वाटायचे आणि जायचे. दाजी आजारी पडले ती बातमी काकांना लांबच्या कुठल्या तरी बंदरात अकरा दिवसांनी कळली. पुढे रजेवर आले तेव्हा दाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काकी म्हणाल्या, “म्हयनोभर ह्यो खाटेकडे बसान होतो. तेणा तोंड वळवूक नाय.” मग काका आणखी एका फेरीवर गेले. ती त्यांची शेवटची.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर ते कायमचे आले. जहाजावरून येणारा माणूस ब्लँकेट आणतो, टेपरेकॉर्डर आणतो. काकांनी दोन पांढरे डबे आणले. एक उभा, पोकळ पोटाचा, त्याला लांब शेपटीची वीटभर वजनाची वायर. दुसरा चपटा, जाड वहीसारखा. शिवाय कणकवलीहून सपाट पडद्याचा टीव्ही, टेम्पोत दोन गोधड्यांत गुंडाळून. मोठा डबा पोरांनी खेळ खेळायचा आहे असं कळल्यावर गावात दिवसभर हसणं चाललं. ‘सारंग साठीत गेम खेळतलो!’ काकींनी कपाळावर हात मारला.

“खेळूक नाय,” काका म्हणाले. “ह्यो बारको बघ. ह्यो तेका जोडूचो आणि पिक्चर बघूचो. साफ पिक्चर. असो टीव्हीर तू कधी बघूक नाय.”

शेवटच्या फेरीत एका तरुण अधिकाऱ्याच्या खोलीत त्यांनी ते पाहिलं होतं. समुद्राच्या तळाचा चित्रपट. त्या चपट्या ड्राइव्हमध्ये एचडी डीव्हीडी नावाची वेगळी डिस्क लागे, साधी चालत नसे असं नव्हे, पण साध्या डिस्कवर तसं चित्र नसे. काकांनी तो चित्रपट दोन वेळा पाहिला, आणि पुढच्या अमेरिकन बंदरात उतरून सगळा संच विकत घेतला. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण टीव्ही त्यांनी पडवीत न ठेवता माजघरात लावला, खाटेसमोर.

मग माझी पाळी आली. “बाई, इंग्लिश वाच गो.” माहितीपुस्तक मी वाचायचं, काकांनी करायचं. आधी वीज. यंत्र अमेरिकेतलं, आपल्या विजेवर जळून गेलं असतं; म्हणून कणकवलीहून विजेचा दाब कमी करणारा जड ट्रान्सफॉर्मर आला. तो असा घुमायचा की काकी त्याला ‘भोवरो’ म्हणायच्या. मग वायरी. लाल, हिरवी, निळी, पुन्हा लाल, पांढरी. रविवारी दुपारी चारला सगळं लागलं. पडद्यावर निळं पाणी आलं, मासे आले, काकी ‘गे बाय माझे’ म्हणाल्या, शेजारचे दारात जमले, मी टाळ्या वाजवल्या.

काकांनी चष्मा पुसला. पडद्याजवळ गेले, मागे आले. “ह्या ता न्हय.”

“आणि काय व्हया तुमका?” काकी म्हणाल्या. “माशाचे डोळे दिसतत.”

“डोळे दिसतत. खवळे दिसनत नाय. बोटीर खवळे दिसत होते.”

आठ दिवस हेच. येणारा प्रत्येक जण चित्राचं कौतुक करी आणि काका मान हलवत. मला वाटलं, म्हाताऱ्याने जहाजावर पाहिलं ते मनात मोठं झालंय. पण त्यांनी मला पुन्हा पुस्तक वाचायला लावलं, पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता. तेव्हा सापडलं. वायरीच्या डब्याकडच्या टोकावर नखाएवढा एक खटका होता. एका बाजूला ‘टीव्ही’, दुसऱ्या बाजूला ‘एचडी टीव्ही’. तो पहिल्या बाजूला होता. आठ दिवस आम्ही नव्या यंत्रातून जुनंच चित्र बघत होतो आणि वाहवा करत होतो. फक्त त्या एका माणसाला ते दिसत होतं.

मी नखाने खटका सरकवला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. वाळूचा कण न् कण वेगळा दिसत होता. एक मासा वळला तेव्हा त्याच्या अंगावरचे खवले एकामागून एक चमकले, जसे बाजाराला निघालेल्या काकींच्या मासळीच्या टोपलीत उन्हात चमकत. खडकाच्या फटीतून एक थोराड तोंड बाहेर आलं, कल्ले हलवत थांबलं आणि मागे सरकलं.

“गोबरो,” खाटेवरून आवाज आला.

दाजींनी मान वळवली होती. काकींच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. पडद्याकडे बघतच त्यांनी विचारलं, “खयचो गोबरो?”

“तो थयलो.” दाजींना एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. “आता भायर येवचो नाय तो.”

आणि खरंच, तो मासा पुढे चित्रपटभर बाहेर आला नाही.

त्यानंतर दर रविवारी चारला काकांचा खेळ ठरला. त्यांचे नियम होते. पाय धुऊन आत यायचं. डिस्क कडेने धरायची. पहिली दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. संपल्यावर ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: “काय बघलंस?” कोणी ‘मस्त होता’ म्हटलं की हात झटकत. “मस्त-बिस्त माका नको. दिसला काय ता सांग.” शेजारचा एक जण म्हणाला, मारामारी बघितली. काका म्हणाले, “मारताना तेच्या हातात घड्याळ होता. खयच्या हातात?” तो पुढच्या रविवारी आला नाही. काकींना असल्या परीक्षेची भीती नव्हती. बर्फातल्या एका चित्रपटानंतर त्यांनी सांगितलं, “तेच्या बायलेन तीनदा चाय केल्यान, एकदाय तेका दिल्यान नाय.” काका खूश झाले.

मला दुभाष्याचं काम होतं. समुद्राच्या चित्रपटात मागून एक जण इंग्रजीत बोले; मी ते मालवणीत सांगायचं. शिक्षिकेला गप्प बसवत नाही. तो दोन वाक्यं बोले, मी सहा सांगे. समुद्र आपली आई आहे वगैरे पदरचं घाली. तिसऱ्या खेपेला काकांनी मला अडवलं. “तो वायच बोललो गो. तू इतक्या खंयसून हाडलंस?” सगळे हसले. पुढच्या एका वाक्यातला शब्द मला खरंच आला नाही. कान गरम झाले, पण मी म्हणाले, “माका म्हायत नाय.” काकांनी माझ्याकडे चष्म्यातून नीट पाहिलं. “ह्या बरा केलंस,” म्हणाले. आजही वर्गात एखादी गोष्ट येत नसली तर मी मुलांना तसं सांगते, आणि कान गरम होत नाहीत. हे मी त्या माजघरात शिकले.

दाजी मात्र इंग्रजी बोलणाऱ्याचं काहीएक ऐकून घेत नसत. मी सांगितलं, “तो म्हणता, मासो भियालो,” की खाटेवरून येई, “भियाक नाय. राग इलोहा तेका. परां बघ.” पर बघितले तर खरंच ताठ झालेले. त्यांची जीभ अशी भांडता भांडता सुटत गेली. पण काकांशी थेट बोलत नसत. बोलायचं ते पडद्याशी, काकींशी, माझ्याशी. ‘दादा’ ही हाक मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

एकदा मीच शहाणपणा केला. म्हटलं, “दाजी, टीव्हीत कित्या, खरोच दर्यो बघूक जावया.” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस घरात कोणाशी शब्द नाही. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

त्या पहिल्या शिमग्याच्या सुमाराला मला पुण्याहून भावाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, ती तुमची डिस्कची जात बंद झाली. दोन जातींची स्पर्धा होती, ही हरली, आता दुसरीच चालणार. मी दोन दिवस ते पोटात ठेवलं. मग पडवीत काका जाळ्याचा दोर विणत बसले होते तिथे जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. एक काच, दुसरी काच, पुन्हा पहिली काच.

“म्हणजे ह्यो डबो बंद पडतलो?”

“डबो चलतलो. नवीन डिस्क येवच्यो नाय.”

“आमच्याकडे किती आसत?”

“अकरा.”

त्यांनी दोराची गाठ ओढून घट्ट केली. “बंद जाली ती दुकानात. हयसर चालू आसा.” आणि पुढची गाठ घालताना, “दाजीक सांगा नको.”

पण त्या दिवशी ते तिथून उठले नाहीत. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. जहाजावर नवीन असताना पहाटेच्या धुक्यात त्यांना पुढच्या टोकावर पहाऱ्याला उभं केलं होतं. वरून विचारलं, पुढे काही आहे का? काकांनी धुक्याकडे बघितलं आणि ‘काही नाही’ म्हणून सांगितलं. “मी बघूक नाय होतंय गो. माका वाटला नसात.” वर कोणाला तरी काळं काही तरी दिसलं म्हणून जहाज वळलं. बाजूने एक बारकी मासेमारीची होडी सरकत गेली, इतकी जवळून की आतला एक माणूस तोंड उघडं टाकून वर बघताना दिसला. त्याच्या हातात किटली होती. “चाय करी होतो तो. माका दाजीच दिसलो. हुबेहूब.” मग म्हणाले, “तवापासून ह्यो चष्मो पुसतंय.” मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं.

अकरा डिस्कवर आमची जवळजवळ दोन वर्षं गेली. समुद्राच्या दोनच, बाकी मारामाऱ्या, एक बर्फातली, एक घोड्यांची. समुद्राच्या दोन्ही इतक्या वेळा पाहिल्या की कोणता मासा कुठून येणार हे काकी चुलीकडून सांगत. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, यंत्र गेलं. खारा वारा लागून आतून गंजलं असणार. सुरू केलं की डब्यावर तीन लाल दिवे लागत आणि पुढे काही नाही. मालवणच्या मेकॅनिकने उघडून पाहिलं आणि ‘हेची आशा नको’ म्हणून झाकण परत लावून दिलं.

पुढच्या रविवारी चारला आम्ही सवयीने पाय धुऊन बसलो. पडदा काळा. दाजी पाच-दहा मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले आणि भिंतीकडे वळले. काकांचा चेहरा मला बघवला नाही. दोन वर्षांत मिळवलेलं सगळं हातातून निसटून चाललं आहे असं त्यांना वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका किनाऱ्यावर गेले. परत आले, खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि जहाजावरच्या नोंदवहीसारखं सांगू लागले. वारो पश्चिमेचो. लाटा मोठ्यो. होड्यो सगळ्यो वर ओढलेल्यो. दाजी भिंतीकडे तोंड करूनच. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला. काका एकही दिवस चुकले नाहीत.

मग एकदा भिंतीकडून प्रश्न आला. “पाण्याचो रंग?”

“निळो,” काका म्हणाले.

“निळो खयचो? काळसार काय हिरवट?”

काका घुटमळले. चष्मा पुसला. “तसोच. निळो.”

“धारेक फेस किती? सफेद काय मातकट?”

काका उठले, पुन्हा किनाऱ्यावर गेले, धापा टाकत आले. “मातकट.”

“पक्षी खंय बसले हत?”

काका पुन्हा गेले. त्या दिवशी त्यांच्या चार फेऱ्या झाल्या. पुढचा महिनाभर हे चाललं. पाऊस ओसरला, गणपती झाले, रापणी सुरू झाल्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं. काका ती बघून यायचे आणि सांगायचे, आणि दाजींच्या दहा प्रश्नांतल्या सातांना त्यांच्याकडे उत्तर नसे. साठीतला माणूस पाढे चुकलेल्या पोरासारखा उभा राही. काकी मला हळूच म्हणाल्या, “ह्यो दमात गो. दाजी मुद्दाम करता.” मला तसं वाटत नव्हतं. दाजींना खरंच जाणून घ्यायचं होतं.

दसऱ्यानंतरची सकाळ. शाळेला सुट्टी होती. काका सांगत होते, रापण सोडली, पाणी शांत, मासे कमी. माशांचा घोळका खाली असला की तिथलं पाणी काळसर दिसतं; दाजींनी विचारलं, “पाणी खंय काळा दिसता?”

“खंयच नाय.”

“खंयच नाय कसा? भरती लागली. खंय तरी दिसतलाच.”

“माका नाय दिसाक.”

दाजींनी डावा हात खाटेवर आपटला. “तेत्तीस वर्सा दर्यार होतंस आणि तुका पाणी दिसना नाय!” जीभ अडखळली, पण ते थांबले नाहीत. “तुका नाय दिसाचा. तुका नाय दिसाचा, दादा. माका घेवन चल.”

काका उभेच राहिले. मग एकदम कामाला लागले, सारंगासारखे. परसातली दोन वल्ही आणली. खळ्यातली खुर्ची वल्ह्यांवर ठेवून दोराने बांधली; त्या गाठी इतक्या झरझर पडत होत्या की बोटं दिसत नव्हती. दाजींनी धुतलेला सदरा मागितला. टोपी मागितली. काकींनी त्यांचे केस विंचरले. शेजारचे दोघे आले, एका टोकाला काका, आणि चौथं टोक काकींनी घेतलं. टोपली वाहून वाहून त्यांचा खांदा कोणाही पुरुषापेक्षा पक्का होता. मी दाजींच्या चपला हातात घेऊन मागून चालले. त्या त्यांना घालायच्या नव्हत्या, पण मला काही तरी घ्यायचं होतं.

सुरूच्या झाडांतून बाहेर आलो तसं दाजींनी डोळे मिटून घेतले. किनाऱ्यावर तीस-चाळीस माणसं दोराशी होती. सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता कोणी तरी येऊन ‘कसा आसा आता?’ विचारणार, कोणी हळहळणार, आणि हे डोळे पुन्हा उघडणार नाहीत. रापणीचा म्होरक्या भिकाजी म्हातारा पुढे आला. कमरेवर हात ठेवून पाण्याकडेच बघत म्हणाला, “दाजी, आमचो पयलो फेरो फुकट गेलो. दुसरी खंय सोडूची रे?”

दाजींनी डोळे उघडले. खूप वेळ बघितलं. काका खुर्चीच्या मागे वाकून, त्यांच्या नजरेच्या रेषेत आपली नजर आणून बघत होते. मग दाजींनी डावा हात उचलला. “थंय. खडपाच्या हयल्या बाजूक. काळा दिसता.”

होडी तिथे गेली. जाळं सुटलं. तासभर दोन्ही बाजूंनी ओढणं चाललं, ‘हैसो’च्या तालावर. काकाही दोराला लागले. जाळ्याचं पोट वाळूवर आलं तेव्हा सगळे धावले. आत शेवाळ, काटक्या, आणि अर्धी टोपली पेडवे, स्वस्तातले बारके मासे.

भिकाजीने एक पेडवा शेपटीला धरून उचलला, दाजींच्या समोर नाचवला आणि ओरडला, “मेल्या दाजी! चार वर्सा घरात बसान तुझे डोळे कुजले! चाळीस माणसांचो घाम काढलंस आणि ह्या काय हाडलंस?”

दाजींचे खांदे हलायला लागले. काकी घाबरून पुढे झाल्या. पण दाजी हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज न करता हसत होते. मग भिकाजी हसला, मग सगळा किनारा. काका पाठ फिरवून खाडीच्या बाजूला बघत उभे होते, आणि पिवळं फडकं त्यांच्या हातात होतं, पण ते चष्मा पुसत नव्हते.

पुढे पाऊस-वादळ नसेल तेव्हा खुर्ची रोज निघू लागली. काही महिन्यांनी दाजी काठी आणि काकांचा खांदा धरून खळ्यापर्यंत, मग सुरूपर्यंत चालत जाऊ लागले. त्यांचे अंदाज कधी बरोबर येत, पुष्कळदा चुकत. काका शेजारी वाळूत बसून बघायला शिकत. एकदा मला म्हणाले, “मी सगळा लांबचा बघलंय गो. हयला बघूचा रवला होता.”

यंत्र दुरुस्त करायचं का, असं त्यांनी दाजींना एकदा विचारलं होतं. दाजी म्हणाले, “कित्याक?” काका हसले, पण मला वाटतं त्यांना ते थोडं लागलं. इतक्या लांबून, इतक्या हौसेने आणलेली ती वस्तू होती. काही रविवारी दुपारी मी त्यांना एकटं बघितलं आहे. कपाट उघडून अकराच्या अकरा डिस्क काढायचे, एकेक उजेडात धरायचे, कडेने पुसायचे आणि परत ठेवायचे.

दोन हजार दहाच्या जूनमध्ये माझी बदली कणकवलीला झाली. निघताना काकींनी सुकी सुंगटं, बारीक कोळंबी, बांधून दिली. काका एसटीपर्यंत माझी ट्रंक घेऊन आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. गाडी हलली तसं म्हणाले, “चालकाचो डोळो लाल आसा. तेका मालवणात चाय पियाक लाय.” मी खरंच मालवणला उतरून ड्रायव्हरला चहा पाजला. रात्रीची दुसरी ड्युटी करून आला होता बिचारा.

त्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी शाळेत फोन आला. पलीकडचा आवाज सावकाश, प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखा. “बाई, मी दाजी. दादा गेलो.”

तिसऱ्या दिवशी मी गेले. दाजी खळ्यात बसले होते, डोकं भादरलेलं. मला बघून आधी विचारलं, “जेवलंस?” मग सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. सकाळी पेज जेवले. दोघे किनाऱ्यावर गेले. काका म्हणाले, आज पाणी तीन रंगांचं दिसतं. दाजी म्हणाले, दोनच. त्यावरून थोडं भांडण झालं. मग काका वाळूत टेकले आणि डोकं दाजींच्या मांडीवर आलं. दाजींना वाटलं, रुसून निजले. “मी हात धरून होतंय,” ते म्हणाले. “मगे माका समाजला.”

अग्नी त्यांनीच दिला, डाव्या हाताने. भटजी त्यांचा लुळा उजवा हात कोणी तरी धरून अग्नी द्या म्हणाले तेव्हा भिकाजीने त्यांना गप्प केलं, असं मला काकींकडून कळलं.

मी रडत होते. दाजी रडत नव्हते. काठीच्या टोकाने त्यांनी मातीत एक रेघ ओढली.

“तेत्तीस वर्सा मी तेची वाट बघलंय, बाई,” ते म्हणाले. “तीन वर्सा गावलो.” इथे जीभ दमली म्हणून थांबले, पुन्हा सुरू केलं. “तीन वर्सा काय थोडी न्हय.”

आतून काकींनी पान वाढल्याची हाक दिली. उठायला म्हणून दाजींनी हात माझ्याकडे पुढे केला, आणि मी तो धरला.